साडूंचं यंत्र आणि दाभोळची वही

रत्नागिरी जिल्ह्यात जेवढा म्हणून राग पिकतो, त्यातला निम्मा माझ्या साडूंच्या घरात उतरतो आणि उरलेला ते शेजाऱ्यांकडून उसना आणतात. तीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून हा माणूस निवृत्त झाला. सकाळी पहिला राग दात घासायच्या ब्रशवर, कारण त्याचा दांडा 'कुठल्यातरी पदवीधराने' आखलेला असतो. मग कपाच्या कानावर, दाराच्या बिजागरीवर, शेवटी माझ्यावर. एका लग्नात त्यांना डुगडुगणारी खुर्ची मिळाली. त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, वऱ्हाडाला उभं केलं आणि मांडवातल्या झाडून सगळ्या खुर्च्या उलट्या करून घट्ट केल्या. मंगलाष्टकं दोनदा म्हणावी लागली. मुलीचा बाप कुरकुरला तेव्हा त्यालाच म्हणाले, "संसार पुढे आहेच, आधी माणसांना नीट बसू दे."

अशा गृहस्थांना डिजिटल मानव्यविद्येत मीच ओढलं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढून ती संगणकावर आणायचा प्रकल्प शहरातल्या विद्वानांनी आमच्या गळ्यात घातला होता. त्यांची दोन दिवसांची कार्यशाळा झाली, विषय 'हाताने करत शिकणं'. पडद्यावर शेकड्यांनी चित्रं पाहिली. हाताने केलेलं काम एकच, जेवण. शेवटच्या रांगेत साडू धुमसत होते. जुन्या वहीची शिवण उसवून पानं सपाट करावीत, असं एक तज्ज्ञ म्हणाले आणि साडू उठले. "साहेब, तुमची पाठ दुखली तर डॉक्टर कणा काढून बाजूला ठेवतो काय?"

त्याच रागात त्यांनी आठ दिवसांत यंत्र केलं. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांचा पाळणा, वही अर्धवट उघडून आत निजेल असा. वर पान दाबायला दोन काचा, त्या उचलायला सायकलच्या ब्रेकची तार, आणि खाली शिवणयंत्राचं पायडल. मेव्हणी तेव्हापासून हातशिलाई करते आणि साडूंशी बोलत नाही. साडू याला फायदा म्हणतात.

यंत्र घेऊन आम्ही दाभोळला गेलो. तिथे एका तांडेलाची, म्हणजे गलबताच्या कप्तानाची, मुलगी राहते, आता ऐंशीच्या पुढची, आम्ही तिला चाची म्हणतो. बापाने गलबतावर लिहिलेली मोडीतली वही ती घराबाहेर जाऊ देत नसे. आम्ही फोटो काढायचे, मी वाचून दाखवायचं. तिला एकच ओळ हवी होती. ती जन्मली तेव्हा बाप दर्यावर होता, खबर पोचली होती, पण त्याला काही वाटलं नाही, असं आई मरेपर्यंत म्हणायची. चाची पुढच्या आठवड्यात मुलाकडे मस्कतला जाणार होती, कायमची, वही घेऊन. आणि आमची वही अर्धीच झाली होती.

तेवढ्यात विद्वानांना यंत्र आवडलं. प्राचार्यांनी ते सभागृहात काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि वर पाटी लावली : कृपया हात लावू नये. हाताने करण्याच्या प्रकल्पात! मी अर्ज दिला, तो समितीकडे गेला. समिती प्रकल्पाच्या उद्‌घाटनानंतर, म्हणजे पुढच्या महिन्यात बसणार होती. माझ्याही कानशिलांतून वाफा निघाल्या. मी साडूंना सांगितलं. ते आले, पाटी वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले नाहीत. शांतपणे बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, कुलपासकट दार भिंतीला टेकवलं आणि यंत्र खांद्यावर घेतलं. प्राचार्य चोरी म्हणाले.

"चोर कुलूप फोडतो," साडू म्हणाले. "कुलूप बघा, शाबूत आहे."

एसटी, मग धोपाव्याची फेरीबोट, अशा मजलीने दाभोळ गाठलं. मागच्या-पुढच्या तारखांवरून हवं ते पान सापडलं, तर ते कोरंच दिसलं. खाऱ्या पाण्याने शाई नेली होती. दहा फोटो काढून मी हात टेकले. चाची खिडकीकडे बघत बसली.

"समोरून काय बॅटरी मारताय, मास्तर?" साडू माझ्यावर खेकसले. "हापूसवरचा डाग समोरून दिसतो काय? पेटीत भरताना फळ तिरक्या उजेडात बघतात."

त्यांनी खिडकी लावायला सांगितली, बॅटरी कागदाला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. शाई गेली होती, टाकाचा दाब राहिला होता. ओरखड्यांच्या बारीक सावल्या उठल्या आणि मी वाचलं : 'कारवारास खबर पोचली. मुलगी झाली. वारा चांगला होता, तरी आज शीड उघडलं नाही.'

चाची तांडेलाची लेक. चांगल्या वाऱ्यात शीड न उघडणं म्हणजे दिवसाची मजल आणि कमाई सोडणं, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"वारा सोडला त्यांनी?" तिने विचारलं. मग म्हणाली, "परत वाच."

मी तीनदा वाचलं. "आईला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. फोटो केव्हाच निघाला होता, तरी साडूंनी बॅटरी कितीतरी वेळ तशीच आडवी धरून ठेवली होती.