पिक्चरमधला धवला

आमच्या वाडीत लग्न लागायचं ते बाईजामावशीच्या धवल्यानं. हळद लागलेले नवरा-नवरी पुढ्यात बसायचे आणि मावशी दोघांची नावं गुंफून गायला लागायची. पुढ्यात नवरा-नवरी नसतील तर धवला तोंडातून काढायचा नाही, हा नियम. उगाच गायलेला धवला पुढच्या लग्नाला बाधतो, असं मावशी स्वतःच सगळ्यांना दरडावून सांगायची.

दोन वर्षांपूर्वी शेणवे गावाकडून एक गाडी वर आली. डायरेक्टरबाई मोहावर आणि पाप-पुण्यावर पिक्चर काढत होत्या. त्यात सैतान एका बाईला भुलवून तिच्याशी लग्न लावतो, म्हणून त्यांना खरा धवला हवा होता. मावशीनं त्यांनी आणलेल्या लुगड्याला हातसुद्धा लावला नाही. पण बाई हुशार. पुन्हा आल्या, ओटीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्यामागे हे गाणार कोण?"

तिथंच मावशी गळाली. सून धवला शिकली नव्हती, नात रंजिता कानात हेडफोन घालून फिरायची. माणूस कसा भुलतो ते दाखवायला निघालेल्या बाईंनी आमच्या अंगणात ते करूनच दाखवलं, फक्त तेव्हा कॅमेरा बंद होता. मावशी गायली. खोट्या जोडप्याची खोटी नावं घालून, पण जीव ओतून.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीतल्या एका पोरीचं मुरबाडकडं ठरलेलं लग्न मोडलं. नवरा दुसरीलाच घेऊन पळाला हे सगळ्यांना ठाऊक, तरी बोट मावशीकडे. मी भांडभांड भांडले, पण एकेका घरानं तिला बोलावणं बंद केलंच. पिक्चरला बाहेरदेशी बक्षीस मिळालं म्हणे. चांगलं आणि वाईट तराजूत सारखंच भरतं, असं त्यात दाखवलंय. कुठल्या बाजारातला तराजू तो, मला एकदा बघायचाय.

यंदा रंजिताचं लग्न निघालं. मावशीनं आंबट सोडलं, घसा जपला. मांडव घातल्यावर तिचा मुलगा, रंजिताचा बाप रवींद्र, तिची नजर चुकवत म्हणाला, "आये, तू नको गाऊ. सोयरं नाय म्हनतान."

 मावशी चुलीपाशी जाऊन तांदूळ निवडत बसली.

नवरा-नवरी पाटावर बसले आणि स्पीकरमधून मावशीचाच आवाज आला. नवऱ्याच्या मित्रानं पिक्चरमधला धवला मोबाइलवर आणला होता. बायका माना डोलवायला लागल्या. गाणारी बाधते, गाणं बाधत नाही, असला आमचा न्याय.

मावशी हातातल्या सुपासकट धावत आली. "बंद कर रे! तेच्यात दुसऱ्यांची नावां हायत! माज्या रंजीचं नाव नाय तेच्यात!"

रवींद्रनं तिला दंडाला धरून आत नेलं. तिचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून मित्रानं आवाज वाढवला. रंजिता मान खाली घालून बसली होती, आणि तिच्या डोक्यावरून मावशीचा धवला सैतानाचं नाव घेत पुढं चालला होता.