बंद गाडीतला मिस्त्री

मामांच्या जुन्या गाडीचे चारही लॉक मधूनच आपोआप खाली पडायचे, आणि वर ओढले तरी पुन्हा पडायचे. दुसऱ्या दिवशी ताईला त्याच गाडीतून बाळंतपणासाठी जालन्याला न्यायचं होतं. म्हणून मी आणि मामा बदनापूरच्या एका गाड्यांच्या वायरिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो.

त्यानं हत्याराला हातच लावला नाही. भर उन्हात काचा वर करून तो आत बसला आणि दाराला कान लावला. थोड्या वेळानं लॉक खाडकन पडले. मामांनी काच बडवली, "ओ मिस्त्री, शिजून निघाल की!" तो हलला नाही. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन उतरला.

"डायवरच्या दारातली वायर घासून राह्यली," तो म्हणाला.

"हे बाहेरून कळत न्हाई का?" मामांनी विचारलं.

"कळतं की." तो वायर जोडू लागला. "माझं पोरगं असंच बंद गाडीत अडकून गेलं. मला बाहेर त्याचा आवाज आला न्हाई. मी त्याला हुडकत हाका मारल्या, त्या त्याला आत ऐकू आल्या आसतील का, ते ऐकून राह्यलो."

मामांनी लॉक ओढून पाहिले. ते नीट चालू लागले होते. ताईची काळजी मिटली. निघताना वळून पाहिलं, तर तो दुसऱ्या गाडीत काचा वर करून बसला होता. तिचा मालक फक्त हॉर्न बसवून घ्यायला आला होता.