आत्याबाईंच्या मांडीवर माझा पाय

डॉक्टर म्हणाले, "नारू है." इंग्रजीत त्याला गिनी वर्म म्हणतात. माझ्या घोट्यावरच्या फोडावर त्यांनी गार पाणी ओतलं, तसं त्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं. मला वाटलं, शीरच निघाली. अगं बाई! मी डोळे गच्च मिटले.

निजामाच्या राज्यातला हिंगोलीचा दवाखाना, बोली सगळी उर्दू. डॉक्टरांनी टोक काडीला गुंडाळलं आणि बजावलं, "रोज थोडा थोडा. खींचना मत. टूटा तो पाँव अकड़ जाएगा."

म्हणजे हातभर लांब जिवंत जंतू माझ्या पायात, आणि तुटला तर पाय जन्माचा आखडणार. लग्न नवं होतं. लंगड्या सुनेला कोण नांदवतं? मला काही सुचेना.

सोबतीला सासूबाई होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. फोड आला तेव्हा म्हणाल्या होत्या, "कामाच्या वक्ताला बराबर नखरे सुचतेत हिला." आणि त्याच बाईनं दवाखान्यात माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. सुनेचा पाय सासूच्या मांडीवर! पाप लागेल म्हणून मी पाय ओढला.

"हालू नको, भवाने! तुटंल की!"

मग रोजचं तेच. ओली चिंधी, काडीचा एखादा वेढा, बस. झालं की मी वाकून त्यांच्या पाया पडायची, पाप फिटावं म्हणून.

"काहून वाकून राहिली सारखी? आधीच अंगात ताप." बाई रागावून राहिल्यात की माया करून राहिल्यात, तेच मला कळेना.

वॉर्डात आणखी बाया होत्या, सगळ्या नारूच्याच, पाय लांब करून बसलेल्या. सकाळी एकमेकींना विचारायच्या, "आज किती आला?"

एके दिवशी काडी फिरवता फिरवता आत्याबाई थांबल्या. "शेपूट आलं गं." सगळ्या बाया माना उंचावून बघायला लागल्या. मला मात्र भीतीच वाटेना. पायावर गार पाणी, त्यांचा खरबरीत हात, आणि मन असं निवलं की आता तुटला तर तुटू दे. असं काहून झालं, मला अजून सांगता येत नाही.

जंतू अलगद सुटला. "निघाला गं माय!" आत्याबाईंनी काडी उंच धरली. पलीकडची बाई स्वतःचा नारू विसरून टाळ्या पिटायला लागली. आत्याबाई हसता हसता रडल्या, मीही रडले. त्यांनी पाय खाली ठेवला, आणि मला चक्क वाईट वाटलं. काय म्हणावं याला!

निघताना डॉक्टरांनी समजावलं. फोडाचा पाय बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, बुडवला की जंतूची पिल्लं पाण्यात जातात, ते पाणी प्यालं की वर्षानं नारू निघतो. घरात आणखी कुणाला झाला तर ओढू नका, बारवेत उतरू नका, पाणी फडक्यानं गाळून प्या. आमच्या गावी, जवळा बाजारला, घरी येताच आम्ही गाळायला लागलो. पण आधी पोटात गेलेलं होतंच.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या टाचेला फोड आला. मी काडी घेऊन बसले, पण मोठ्या माणसाला पाय दे म्हणावं कसं? मी घुटमळत होते, तोवर त्यांनीच पाय उचलून माझ्या मांडीवर टाकला.

"घे," म्हणाल्या, "आता पाया पडायला वाकायची तकलीफ न्हाई."