गरम पाल, साखर घालून

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. जव्हार संस्थानच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट. बंगल्यावरच्या माणसांत लिहिता-वाचता येणारा मी एकटा! तोरा असा, की जणू अख्खा दरबार माझ्याच लेखणीवर चालतो.

खोडाळ्याच्या रस्त्याची मोजणी करायला मद्रासकडचे एक साहेब आले. आले तेच तापानं फणफणत. घसा इतका सुजलेला, की तोंडातून शब्द फुटेना. दिवाणजी मला बजावून गेले, "साहेबांना काय हवं-नको ते बघा. हयगय झाली, तर उद्यापासून घरी बसा!"

साहेबांनी खुणेनं कागद मागितला. आधी इंग्रजीत लिहिलं. मला इंग्रजीचा गंध नाही! मग त्यांनी बराच विचार करून देवनागरीत लिहिलं. संस्कृत शिकलेले होते ना. एकच शब्द: 'पाल'.

अहो, मोजणीवाला माणूस! यांचा जन्म रानात पाल ठोकून राहण्यात गेलेला. बंगल्यात जीव गुदमरत असणार. मी हवालदाराला हाक मारली, "धर्मा, कोठीतलं मोठं पाल काढ!"

तासभर ठोकाठोक करून अंगणात पाल उभं केलं आणि चौघांनी साहेबांना खाटेसकट उचलून आत नेलं. साहेब डोळे फाडून बघताहेत. मला वाटलं, गहिवरले!

त्यांनी पुन्हा कागद ओढला. 'पाल गरम. जल्दी.'

थंडी वाजत असेल बिचाऱ्यांना! मी आत दोन शेगड्या ठेवल्या. धूर असा कोंडला, की साहेब खोकून खोकून लालबुंद. त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं, 'पाल. शक्कर.' आणि बोटं ओठांना लावली. अंगण झाडायला आलेली वारली पाड्यावरची सोनीबाई दारातून बघत होती. ती झाडू टाकून कुठंतरी निघून गेली.

मला मात्र घाम फुटला. तंबूला साखर कोण लावतं? मग दुसरी पाल कोणती? भिंतीवरची!

"धर्मा," मी कुजबुजलो, "साहेबांना पाल खायचीय."

"जिती?"

"गरम. साखर घालून."

धर्मानं डोकं खाजवलं. "खात असतील त्यांच्या मुलखात. आपल्याला काय करायचं, भाऊसाहेब?"

दिवाणजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी लागलो कामाला. चुलीमागची एक पाल धर्मानं फडक्यात पकडली. पण शिजवायचा धीर कुणाला होईना. म्हटलं, आधी साहेबांची पसंती तर घेऊ! पितळी डब्यात पाल, शेजारी वाटीत साखर, असं तबक घेऊन मी अदबीनं वाकलो आणि झाकण काढलं.

पाल उडाली ती थेट साहेबांच्या छातीवर!

"अय्यो! पल्ली! पल्ली!"

बंद पडलेला आवाज असा फुटला, की झाडावरचे कावळे उडाले. साहेब खाटेवर उभे, मी खाटेखाली!

तेवढ्यात सोनीबाई पेला घेऊन आत आली. साहेबांनी तो हिसकावला, घटाघटा रिकामा केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाल!"

मी खाटेखालून मान वर काढून पाहिलं. त्यांच्या मिशांना दूध लागलं होतं.

मग मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, की तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात. तापाच्या भरात 'दूध' हा शब्द काही केल्या आठवेना. दिवाणजींना मात्र त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. देवमाणूस!

संध्याकाळी मी सोनीबाईला गाठलं. "बाई, तुला तमिळ कुठून येतं गं?"

"ता काय असतं? आजारी मानूस ओठाला हात लावं, त्याला दूध होवा. दुसरा काय?"

"मग मला कसं नाही कळलं?"

तिनं तोंडाला पदर लावला.

"तुमाला वाचता येतं ना, भाऊसाहेब!"