दगडूकाकांचे नशीबवान लोक

आमच्या लालबागच्या चाळीत कोणी रडगाणं सुरू केलं, की दगडूकाका आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी आणून ठेवत. सांत्वनासाठी नव्हे. "सांग बघू," ते विचारत, "अख्ख्या इतिहासात सगळ्यात नशीबवान कोण?" समोरचा बिचारा आपल्या पाठदुखीबद्दल नाहीतर सुनेबद्दल बोलत असायचा, त्याला इतिहासाशी काय देणंघेणं? तो गप्प राहिला की काका स्वतःच उत्तर देत. "गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिकडे, पश्चिमेकडे जन्माला आलेलं कुठलंही माणूस. राजा नको, लॉर्ड नको. साधा बस ड्रायव्हर घे."

मग पुरावे येत. "दिल्लीच्या बादशहाची दाढ दुखली तर त्याला काय मिळायचं? लवंग! आणि ह्या ड्रायव्हरची दुखली तर? इंजेक्शन. दाढ कधी गेली त्याला कळतसुद्धा नाय. मग मोठा कोण?" पाठदुखीवाला नाइलाजाने कबूल करायचा की बस ड्रायव्हर मोठा. पाठ मात्र दुखायची ती दुखतच असायची.

काका मूळचे कणकवलीजवळचे. गिरणीत फोल्डिंग खात्यात, म्हणजे कापडाच्या घड्या घालण्याच्या कामावर होते. गिरणी बंद पडल्यावर दादरला एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले आणि तिथे त्यांच्या पुराव्यांत चष्म्याची भर पडली. "चष्मा नव्हता तेव्हा चाळिशीनंतर मोठमोठे पंडित काय वाचत होते? काय नाय. पाठ होतं तेच बडबडत होते." पश्चिम त्यांनी पाहिलेली नव्हती. रद्दीच्या दुकानातून जुनी परदेशी मासिकं आणत, त्यांतली चित्रं पाहत आणि चित्रांखालचं इंग्रजी माझ्याकडून वाचून घेत. एवढ्या भांडवलावर ते कोणाशीही वाद घालायला तयार असत.

वाद घालायला तळमजल्यावरचे राणे मास्तर होते. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर पूर्वजांच्या बाजूचे. शुद्ध तूप, शुद्ध हवा, एकत्र कुटुंब वगैरे. दोघं गॅलरीत समोरासमोर बसले की काका शांतपणे विचारत, "मास्तर, तुमच्या त्या शुद्ध हवेत माणसं जगायची किती?" मास्तर म्हणत, "जगण्याला अर्थ होता." काका म्हणत, "अर्थ होता, पण माणूस नव्हता." आतून सुमनकाकी, म्हणजे त्यांची बायको, तिकडेच जाऊन राहा म्हणून मालवणीत ओरडायची, "मगे थंयच जावन रवा! हयसर कित्या कुजतास?" काका म्हणत, "आता जाऊन काय उपयोग? जन्म थंय होऊक व्हयो होतो."

त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे त्यांचं नाव. त्यांच्या आईची आधीची तीन मुलं वर्षाच्या आत गेली होती. चौथं जगावं म्हणून तिने त्याला दगडू म्हटलं. दगडाला कोण नजर लावणार, आणि दगड नेऊन यम तरी काय करणार? आमच्याकडच्या जुन्या पिढीत असे दगडू, धोंडू, केरू घरोघरी असत. काका हे नाव छाती पुढे काढून सांगत. "देवाला फसवून जगलेला माणूस आहे मी. तिकडे फसवावं लागत नाय, तिकडे डॉक्टर असतो. ज्या देशात एकाही पोराचं नाव दगडू ठेवावं लागत नाय, तो देश नशीबवान. साधा हिशोब."

एका गणपतीत या हिशोबाची परीक्षा झाली. कॅमेरे घेतलेलं एक गोरं जोडपं आमच्या गल्लीत फिरत होतं. काकांनी मला हाताला धरून त्यांच्यापुढे उभं केलं. "विचार त्यांना, तुमच्यात दगडू असतो काय." मी लाजत, अडखळत दगडूचा अर्थ इंग्रजीत समजावला. तो गोरा गडगडाटी हसला, छातीवर हात ठेवून म्हणाला, त्याचं नाव पीटर, आणि पीटरचा अर्थ दगडच. मी हे काकांना सांगितलं. मागे उभे असलेले राणे मास्तर टाळ्या पिटायचेच काय ते बाकी होते.

 काकांनी पीटरचा हात दोन्ही हातांत घेतला आणि इतक्या कळवळ्याने दाबला की तो गोंधळला. "अरेरे," काका मला म्हणाले, "म्हणजे ह्यांचीपण पोरं जात होती! ह्याच्या खापरपणजीने ठेवलेलं असणार ते नाव. बघ, म्हणून मी 'गेल्या साठ-सत्तर वर्षांत' म्हणतो. उगाच नाय म्हणत." त्या माणसाला पेढा भरवून त्यांनी रवाना केलं. पीटर नावामागे दुसरं काही कारण असू शकेल, ही शंका मी बोलून दाखवली नाही. बोलले असते तरी त्यांनी तिचाही पुरावाच केला असता.

मला बँकेत अधिकाऱ्याची बढती मिळाली तेव्हा सगळी चाळ अभिनंदन करून गेली. काका म्हणाले, "नशीब काढलंस गो! पण अर्धंच." मी चिडून विचारलं, अर्धं का? "लालबागला जन्मलीस ना," ते म्हणाले, आणि खिशातून काढून मला आंबोळी-चटणीची पुडी दिली.

उरलेलं अर्धं नशीब त्यांच्या घरात त्यांच्या मुलीमुळे आलं. वैशाली लग्न करून नवऱ्याबरोबर हॉलंडला गेली. तिला दिवस राहिल्याची बातमी आली त्या संध्याकाळी काका जिन्याच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझं नातवंड इतिहासातलं सगळ्यात नशीबवान पोर होणार. थंय जन्म, थंयचे डॉक्टर!" काकी धावत बाहेर आली. "तोंडाक कुलूप घाला! दृष्ट लागात." काका हसले. चष्म्याच्या दुकानात एवढी वर्षं घालवलेल्या माणसाला नजरेचं काय सांगतेस, म्हणाले.

दृष्ट लागली की काय ते देव जाणे. सातवा महिना लागता लागता एका दुपारी जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, फार आधी झाली होती, ओंजळीत मावेल एवढी होती. काचेच्या पेटीत नळ्या लावून ठेवली होती आणि डॉक्टर नक्की काहीच सांगत नव्हते. काकीने देव पाण्यात घातले. एरवी या प्रकाराची टिंगल करणारे काका त्या दिवशी तिच्या शेजारी पाटावर बसून राहिले. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला.

मला वाटलं होतं, आता हा माणूस आपल्या पुराव्यांचा आधार घेईल. इतकी वर्षं सांगत होता ते डॉक्टर आता खरोखरच त्याच्या नातीच्या उशाशी उभे होते. पण काका दुसऱ्या दिवशी गॅलरीत आले ते वेगळंच बोलत. "कसला देश! उन्हाचा पत्ता नाय, भाताक चव नाय. डॉक्टर म्हणे सायकलवरून येतात. सायकलवरून येणाऱ्या डॉक्टरला काय कळणार?" राणे मास्तरांना आधी खरंच वाटेना. मग त्यांना चेव आला. तिकडची माणसं एकेकटी मरतात, त्यांनी बार उडवला. काका मान डोलावून म्हणाले, "मरतात." तिकडे कोणी कोणाला विचारत नाही, मास्तर पुढे म्हणाले. "नाय विचारत." इतक्या वर्षांचा वाद असा फुकटात जिंकल्यावर मास्तर पार उतरून गेले. थोडा वेळ खुर्चीत चुळबुळ करून घरी निघून गेले.

चाळीत बोलबाला झाला की मुलीवर प्रसंग आल्यावर म्हातारा शुद्धीवर आला. मलाही तसंच वाटलं. मी जरा थट्टेने म्हटलं, "काका, इतिहासातली नशीबवान पिढी कुठे गेली तुमची?" त्यांनी दचकून आजूबाजूला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल गो. कोणतरी आयकता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस हरला नव्हता, बदलला तर मुळीच नव्हता. नात जगेल तर तिथेच जगेल, एवढी त्याची खात्री होती, आणि म्हणूनच तो जन्मभराचं मत गिळून त्या देशाला शिव्या घालत होता. बस ड्रायव्हरच्या नशिबाचे गोडवे त्याने बेधडक गायले, कारण तो ड्रायव्हर त्याचा कोणी नव्हता. ही त्याची होती.

पोरीचं बारसं नव्हतं झालं, पण आईबापांनी तिचं नाव इरा ठरवलं होतं. एका दुपारी व्हिडिओ कॉल लागला तेव्हा मी तिथेच होते. पडद्यावर काच, नळ्या आणि टोपीत हरवलेलं एवढंसं तोंड. काकांनी हाक मारली, "काय गो दगडी?"

"बाबा, प्लीज!" वैशाली ओरडली. "इरा नाव आहे तिचं. दगडी काय? इथे आम्ही कोणत्या अवस्थेत आहोत आणि तुम्ही…" 

"इरा तर इरा. कागदावर घाल," काका म्हणाले. "पण पेटीत आहे तोवर ती दगडी. तुला नाय म्हणायचं तर नको म्हणू. मी म्हणणार."

कॉल बंद झाल्यावर  ते मला म्हणाले, "आधीच्या तिघांची नावं आईने छान छान ठेवली होती. मनोहर, सुलोचना, आनंद. तशी पेटी असती तर तिघंही जगली असती गो. माझ्या आईकडे काय होतं? एक नाव बदलायचं, तेवढंच होतं."  इतकी वर्षं त्यांच्या पुराव्यांना हसत आले होते, पण ही तीन नावं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडू आलं.

वैशाली रागावली, पण तिथल्या नर्सने विचारलं म्हणून तिने आजोबांचं हे खूळ तिला सांगितलं. ती नर्स मग रोज सकाळी पेटीवर वाकून म्हणायला लागली, "खुदेमोर्खन, दाखडी." खुदेमोर्खन म्हणजे गुड मॉर्निंग, आणि त्या भाषेत ग चा ख होतो म्हणे. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बाई शहाणी आहे," आणि लगेच भानावर येऊन म्हणाले, "पण उच्चार दळभद्री."

दाखडी जगली. पेटीतून बाहेर आली, घरी गेली, बाळसं धरलं. राणे मास्तर पुन्हा गॅलरीत येऊन बसायला लागले आणि वाद सुरू व्हावा म्हणून स्वतःच विषय काढायला लागले. "मग दगडोबा, तुमचे पश्चिमेचे डॉक्टर जिंकले म्हणायचे." काका म्हणत, "चालायला लागू दे." ती चालायला लागली. "बोलायला लागू दे." ती बोलायला लागली, तीही दोन भाषांत, तरी काकांनी तोंड उघडलं नाही. फोटो कोणी पाहायला मागितला तर म्हणत, "काय बघायचंय त्यात? पोरासारखं पोर."

मागच्या मार्गशीर्षात ते दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. यातना नाहीत, खाट धरली नाही. राणे मास्तर सवयीने म्हणून गेले, "नशीब काढलं," आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन भिंतीकडे तोंड फिरवून उभे राहिले.

वैशालीला अंत्यदर्शन फोनवरच घ्यावं लागलं. तेराव्याला मुलीला घेऊन ती पोचली. काकीच्या गळ्यात पडली नाही, कोणाशी फार बोलली नाही, कोरड्या डोळ्यांनी भांडी लावत राहिली. पोर मात्र आमच्या लांबलचक गॅलरीवर खूश होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची, प्रत्येक दारात थांबून खळखळून हसायची. गुटगुटीत, कुरळ्या केसांची, कोणालाही मोह पडावा अशी. समोरच्या वहिनींना राहवलं नाही. "अगं बाई, किती गोड…"

"कसली गोड!" मी ओरडले. माझं मलाच नवल वाटलं. "सकाळपासून नुसती किरकिर चालली आहे."

पोर हसतच होती. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग राणे मास्तर घसा खाकरून म्हणाले, "कान पाहिलेत का? सुपाएवढे आहेत." वहिनींच्या ध्यानात आलं. "आणि केस म्हणजे केरसुणी," त्या म्हणाल्या. दात उंदरासारखे, चाल बदकासारखी. गॅलरीतला जो तो त्या पोरीला नावं ठेवायला लागला.

वैशाली भांडी टाकून दारात आली आणि उंबऱ्यावरच बसली. आल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती मुलगी तोंडात पदर कोंबून हमसाहमशी रडायला लागली. आम्ही सगळे एकदम गप्प झालो.

तिने मान वर केली. म्हणाली, "थांबलात का? अजून बोला ना."