दिवसाला दीडशे जादा ठोके

पाणीपुरवठा खात्यात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना कानकाका म्हणत. आणि त्या खात्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्या त्यांच्या पत्नीला त्यामुळे आपोआप काकू ही पदवी मिळाली होती. कानकाकांचे काम ऐकण्याचे होते. रस्त्याखाली पुरलेली जलवाहिनी कुठेतरी फुटते, पाणी वर न येता मातीतल्या मातीत मुरते आणि चार गल्ल्या पलीकडच्या नळाची धार करंगळीएवढी होऊन बसते. फुटीची जागा सापडावी म्हणून सगळा रस्ता उकरता येत नाही. मग कानकाकांना बोलावणे जाई. त्यांच्यापाशी खांद्याला लागेल एवढी एक पोलादी सळई असे. तिच्या वरच्या टोकाला लाकडाची चकती, वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेली. सळई रस्त्यावर टेकवायची, चकतीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. उजाडता उजाडता, रहदारी सुरू होण्यापूर्वी, हे श्रवण चाले. कुणी नळ सोडला तर तो आवाज येतो आणि जातो. गळतीचा आवाज मात्र अखंड असतो, कुणीतरी दातांतून श्वास सोडत बसावे तसा. तो जिथे सर्वांत स्पष्ट, तिथे काका चुन्याची फुली मारीत आणि बाजूला होत.

एकोणीस वर्षांत कोरडे खड्डे निघाले ते सात की आठ. खोदणाऱ्या टोळीचा मुकादम, जो वयाने त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान आणि तोंडाने दहा वर्षांनी मोठा होता, तो म्हणे, "काका, तुमच्या फुलीवर मी डोळे झाकून कुदळ घालीन. फक्त पाय तेवढे बाजूला घ्या." मध्यंतरी खात्याने गळती शोधणारे एक विजेचे यंत्र आणले. त्याने पहिल्याच महिन्यात एक मोठी फूट सपशेल चुकवली आणि काकांनी ती सळईने काढून दिली. तेव्हापासून यंत्र कपाटात गेले आणि काकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की यंत्राला जे ऐकू येत नाही ते माणसाच्या कानाला येते. पुढे हीच खात्री त्यांना फार महाग पडायची होती.

बावन्नाव्या वर्षी, एका साध्या दुपारी, बुटाची नाडी बांधण्यासाठी ते खुर्चीत वाकले असताना छातीत काहीतरी अडले. एक ठोका आलाच नाही. आणि त्यानंतरचा आला तो आतून कुणी दारावर थाप मारावी तसा. काका नाडी तशीच सोडून सरळ बसले. पुन्हा काही झाले नाही. मात्र संध्याकाळी जिन्यात झाले, दुसऱ्या दिवशी जेवताना दोनदा झाले, आणि मग त्यांनी जे करायला नको होते ते केले. ते ऐकू लागले.

अनाहत नादाच्या श्रवणासाठी योगशास्त्राने दीर्घ साधना सांगितली आहे. कानकाकांना देहातल्या नादाचे श्रवण साधनेवाचून लाभले, आणि त्यांची झोप उडाली. ज्या अवधानाच्या बळावर त्यांनी मातीखालचे पाणी शोधले होते, ते सगळे अवधान आता वीतभर छातीत येऊन बसले. जबड्याखाली दोन बोटे ठेवून ते नाडी पाहू लागले. बोलता बोलता पाहत, भाजी निवडता निवडता पाहत, रांगेत उभे असताना पाहत.

"अहो, मानेला मुंग्या चावतायत का?" काकूंनी एकदा विचारले.

"नाही. बघतोय."

"काय बघताय?"

"आहे ना, ते."

"नसतं तर तुम्ही बघितलं असतं का?" काकू म्हणाल्या. हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु भीतीला युक्तिवादाचे वावडे असते.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. हृदयाचा आलेख निघाला, पडद्यावर चित्र निघाले, एक पेटी चोवीस तास छातीला बांधून झाली. डॉक्टरीणबाई मितभाषी होत्या. कागद उलटत त्यांनी सांगितले, "हृदय धडधाकट आहे. झडपा नीट, ताकद नीट. चोवीस तासांत एकशे बावन्न जादा ठोके पडले. एखादा ठोका घाईने, वेळेआधी येतो. मग किंचित विसावा पडतो, तेवढ्यात हृदय जरा जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात लागतो. तो तुम्हाला कळतो. असे ठोके पुष्कळांना पडतात, त्यांना पत्ताही नसतो."

"मग मलाच का कळतात?"

"तुमचा कान तयार आहे म्हणून. यावर औषधाची गरज नाही. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम कोंडला, तर मात्र त्याच पावली या. नाहीतर जगा."

हा दिलासा चार दिवस पुरला. त्या चार दिवसांत काकूंनी त्यांना दोनदा गुणगुणताना ऐकले. पाचव्या दिवशी तो ठोका पुन्हा पडला आणि काकांना कपाटातले यंत्र आठवले. ज्या यंत्राने एवढी मोठी फूट चुकवली, त्याच्याच जातीची ती पेटी! दुसरा आलेख झाला, तिसरा झाला. प्रत्येक कागद निर्दोष, आणि प्रत्येक दिलासा आधीच्याहून तोकडा.

याच सुमारास काकांनी एक चूक केली, जी त्यांच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. वाहिनीत शंकास्पद आवाज आला, की पहिल्यांदा तिच्यातला दाब कमी करायचा, ही खात्याची शिस्त. काकांनी ती देहाला लावली. जिना सोडला, चहा सोडला, संध्याकाळची फेरी सोडली, डाव्या कुशीवर निजणे सोडले. मोठ्याने हसायचेसुद्धा सोडले. दाब कमी केला की वाहिनीतला आवाज मंदावतो. इथे उलटेच घडले. अंग जितके स्वस्थ, तितका तो ठोका ठळक. आरामखुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकायला दुसरे उरतेच काय!

आणि मग काम बिघडले. एका बेकरीसमोरच्या रस्त्यावर सळई लावताना त्यांनी भीतीपोटी श्वास रोखला आणि कान चकतीवर गच्च दाबला. एक अखंड सळसळ ऐकू आली. त्यांनी फुली मारली. मुकादमाच्या माणसांनी कंबरभर खोल खणले. वाहिनी कोरडी ठणठणीत, सांध्याला ओलसुद्धा नाही. काकांनी ऐकले होते ते त्यांच्याच कानातले रक्त. आठवडाभराने दुसऱ्या गल्लीत तसाच प्रकार. यावेळी मुकादम थट्टा करायचा राहिला, आणि काकांना तेच जास्त लागले.

त्यांनी साहेबांकडे अर्ज दिला: प्रकृतिअस्वास्थ्यामुळे फिरतीचे काम झेपत नाही, तरी तक्रारींच्या नोंदवहीच्या टेबलावर नेमणूक व्हावी. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "काका, बदल्यांचे कागद महिनाअखेरीला निघतात. तोवर हा माझ्याकडे. सही झाली की सळई कोठारात जमा करायची, आणि ती परत तुमच्या नावावर निघणार नाही. विचार केलाय ना?"

काकांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी हे काकूंना सांगितले. काकू म्हणाल्या, "टेबलावर बसून दिवसभर काय ऐकाल, ते मला ठाऊक आहे. उद्या दवाखान्यात मी येते बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी चौथा आलेख काढायला साफ नकार दिला. "तो कागद आता औषध राहिला नाही, चटक झालाय. दिवसातून किती वेळा नाडी बघता?"

काका उत्तर जुळवीत होते, तोवर काकू म्हणाल्या, "ते मोजायला बसले तर माझी सगळी कामं पडून राहतील."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. काकांना समजावावे म्हणून त्यांनी नळाची उपमा काढली, ठोका म्हणजे ठिबकणारा नळ वगैरे. काकांनी ती दुरुस्त केली: ठिबकणे हा वायसरचा दोष, त्याचा वाहिनीशी संबंध नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "उपमा राहू द्या. हृदयाची तपासणी संपली. भीतीची बाकी आहे, आणि तिच्यावर उपचार तुम्हीच करायचा. बोट मानेला लावायचं नाही. जिना चढायचा, आज एक मजला, पुढच्या आठवड्यात दोन. एक कप चहा घ्यायचा. आणि ठोका पडला की हातातलं काम आधी पुरं करायचं. मग वाटलं तर घाबरायचं."

"काम पुरं होईतो भीती निघून गेली तर?"

"तर गेली. तिला बोलवायला जायचं नाही."

हे ऐकायला सोपे होते. पहिल्या दिवशी काकांचा निग्रह सकाळी अकरापर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी काकूंनी परातीत दोन किलो मटार ओतून त्यांच्यापुढे ठेवले. "सोला. हात रिकामा राहिला की तो वर जातो." तीन दिवस घरात मटाराखेरीज भाजी झाली नाही. चौथ्या दिवशी शेंग उलगडताना ठोका चुकला; काकांचा चेहरा पांढरा पडला, परंतु त्यांनी त्या शेंगेतले सातही दाणे परातीत टाकले आणि मगच हात थांबवला. भीती होतीच. ती टोकाला गेली, तिथे थोडी थांबली आणि कुणी धक्का न देता उतरली. हे त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते, कारण ती उतरण्यापूर्वीच दर वेळी त्यांचे बोट मानेवर पोचलेले असे. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर हृदय धडधडले, आणि ते धडधडणे चढल्याचे होते, इतकेच. ठोके काही कमी झाले नाहीत. कुठल्याही दिवशी मोजले असते तर दीडशेच्या आसपास भरले असते. काकांनी मोजले नाहीत. म्हणजे फार तर दोनदा मोजले, आणि दोन्ही वेळा काकूंपाशी कबूल केले.

महिना संपायला तीन दिवस होते, तेव्हा बेकरीच्या रस्त्यावरून पुन्हा तक्रार आली. पाणी आणखी कमी झाले होते. मुकादम सकाळी त्यांना नाक्यावर भेटला. "साहेब म्हणाले, ते विजेचं यंत्र काढू का कपाटातून? मी म्हटलं, आधी काकांना विचारतो."

बेकरीवाल्या बाई दारात उभ्या होत्या. मागचा खड्डा त्यांच्या उंबऱ्यासमोर आठ दिवस उघडा राहिला होता. "आज पुन्हा नेम चुकणार असेल तर आधीच सांगा," त्या म्हणाल्या, "म्हणजे गिऱ्हाइकांना मी मागच्या दारानं घेते."

"तुमच्या दारापासून सुरू करत नाही, बाई," काका म्हणाले. पलीकडच्या टोकापासून, हातभर हातभर पुढे सरकत, त्यांनी सळई टेकवायला सुरुवात केली. कान चकतीला नुसता टेकवला, दाबला नाही. श्वास चालू ठेवला. सहाव्या जागी अगदी अंधुक काहीतरी लागले. तेवढ्यात दुधाची गाडी खडखडत आली आणि सगळे बुडाले. अशा वेळी सळई उचलायची नसते. उचलली की जागा हलते आणि सारे मुळापासून करावे लागते. काका तसेच वाकून उभे राहिले. गाडी गेली. आवाज पुन्हा उमटू लागला, आणि नेमका त्याच क्षणी छातीतला ठोका चुकला. मागून ती थाप आली, जणू सळईतून, चकतीतून, थेट कानात. उजवा हात सळईवरून सुटला. मुकादमाने ते पाहिले आणि दुसरीकडे नजर वळवली.

हात मानेपर्यंत गेला नाही. तो हवेत थोडा घुटमळला आणि परत सळईवर आला. दुधाची गाडी जाऊ दिली, तशी काकांनी ती थापही जाऊ दिली. आणखी एक आली, तीही गेली. आणि या सगळ्याच्या खाली, कशाचीही पर्वा न करता, ती दातांतून सुटणाऱ्या श्वासासारखी सळसळ अखंड चालू होती. काका आणखी दोन पावले सरकले, पुन्हा ऐकले, एक पाऊल मागे आले आणि चुन्याची फुली मारली.

"नक्की?" मुकादमाने विचारले.

"नक्की म्हणशील तर नाही. खण."

गुडघाभर खोलीवर माती काळसर झाली. कंबरेपर्यंत गेल्यावर कुदळवाला शिवी हासडून मागे सरला. त्याच्या पँटवर पाणी उडाले होते. फूट फुलीपासून दीड हात डावीकडे निघाली. काकांच्या जुन्या हिशेबाने हे सामान्य काम होते. मुकादम खड्ड्याच्या काठावरून ओरडला, "काका, पाय बाजूला घ्या हो!"

दुपारी काका साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "माझा अर्ज परत हवाय."

"देता येत नाही," साहेब म्हणाले. "आवक क्रमांक पडलाय. अर्ज मागे घेण्यासाठी अर्ज करा. कारण लिहा. प्रकृती सुधारली, असं लिहा, म्हणजे प्रश्न मिटला."

काकांनी टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवला आणि बराच वेळ घेऊन चार ओळी लिहिल्या. साहेबांनी चष्मा चढवून वाचल्या. 'प्रकृती पूर्वी होती तशीच आहे. फिरतीचे काम करता येते. सबब आधीचा अर्ज रद्द समजावा.'

"हे काय? तशीच आहे तर वरचे लोक मला विचारतील, मग आधी अर्ज का दिला होता."

"त्यांना सांगा, तेव्हा मला ते माहीत नव्हतं."

साहेबांनी मान हलवली, कागदावर सही केली आणि उद्याची तक्रार त्यांच्या हातात ठेवली. ती टेकडीवरच्या वसाहतीची होती. वर जायला एकशे दहा पायऱ्या होत्या. काकांनी वेळ विचारून घेतली आणि कागदाची घडी करून खिशात घातली.