एका चुकीला एकच पान

फाउस्टिन मसावेच्या गाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावर ऊन अडवायची जी फळी असते तिच्यामागे, एक हिरवं पान खोचलेलं होतं. हातभर लांब, मधोमध गाठ मारलेलं. इसालेचं पान. किलिमांजारोच्या उतारावर, त्याच्या किबोशो गावात, केळीच्या प्रत्येक बागेला याच झाडाचं कुंपण असतं. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्या हातात हे पान द्यायचं. त्याने ते धरलं की माफी द्यावीच लागते, मनात कितीही कढ असला तरी. म्हणून ज्याला माफ करायचं नसतं तो पान दिसताच हात खिशात घालतो.

"हे कशाला?" इंग्रिडबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्या आणि त्यांचे यजमान वाल्टर, निवृत्त जर्मन जोडपं, चार दिवसांत तीन जंगलं बघायला आलेलं.

"घरचं आहे, मॅडम," फाउस्टिन म्हणाला आणि त्यांना हत्ती दाखवला. हत्ती दाखवला की पाहुणे पुढचा प्रश्न विसरतात.

पान त्याच्या मोठ्या भावासाठी होतं. गास्परही गाडीच चालवायचा, दुसऱ्या कंपनीची. दोघंही बारा महिने चाकावर, त्याच रस्त्यांवर, त्याच सिंहांमागे. घरी गाठ पडायची सोय नव्हती, आणि जंगलात गास्पर भावाची गाडी दिसली की काच वर करायचा. तीन वर्षं हेच.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. गावात तिला सगळे थोरल्याच्या नावाने मामा गास्पर म्हणायचे, म्हणजे गास्परची आई. तेव्हा फाउस्टिन सेरेंगेतीत पाहुणे घेऊन होता, नोकरी नवी होती. भावाचा फोन आला. "निघालोच दादा," फाउस्टिन म्हणाला. निघाला मात्र नाही. ऑफिसला विचारलंसुद्धा नाही, कारण उत्तर माहीत होतं. आणि भावाला "जमत नाही" म्हणायला जीभ रेटली नाही. दर फोनला "आलो, गेटपाशी आहे, रस्त्यात आहे" असं सांगत राहिला. तिकडे अंगणात शवपेटी उघडी ठेवून माणसं सकाळपासून बसलेली. फादर घड्याळ बघून थकले. शेवटी सूर्य बुडता बुडता आईला केळीच्या बागेत पुरलं. धाकट्याच्या हातची मूठभर माती तेवढी पडली नाही.

गास्परने मात्र आपले पाहुणे दुसऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात घालून त्याच दिवशी घर गाठलं होतं. त्यापायी त्याची चांगली नोकरी गेली. आता तो एक खटारा चालवतो, ज्याचं मागचं दार दोरीने बांधलेलं असतं.

"तू आईला ताटकळत ठेवलंस," तो फाउस्टिनला म्हणाला होता. "मेल्यावर." त्यानंतर बोलणं बंद.

या नाताळात आईची कबर सिमेंटने बांधायची ठरली होती, चोवीस तारखेला, सगळ्या मुलांनी मिळून. भावाची माफी नसताना फाउस्टिन त्या अंगणात पाऊल कसं टाकणार? त्याआधी पान त्याच्या हातात पडायलाच हवं होतं. आईची एक म्हण होती, एका चुकीला एकच पान. एकदा माफी मिळाल्यावर तीच चूक पुन्हा केलीस तर साऱ्या डोंगरावरची पानं तोडून आणलीस तरी उपयोग नाही.

पहिल्या जंगलात, तारांगिरेत, गास्पर दुरून दिसला आणि धुरळ्यात नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी न्गोरोंगोरोच्या खोल विवराच्या तळाशी, तळ्याकाठी जेवायला गाड्या थांबतात तिथे, तो बॉनेटला टेकून उभा सापडला. जंगलात गाडीतून उतरायला परवानगी असलेल्या दोन-चार जागांपैकी ही एक. फाउस्टिनने पान काढलं आणि निघाला. दहा पावलं गेला असेल नसेल, मागून किंकाळी. घारीने इंग्रिडबाईंच्या हातातली कोंबडीची तंगडी पळवली होती आणि बोटावर ओरखडा उमटवला होता. औषधाची पेटी काढा, बोट पुसा, बाईंना धीर द्या, वाल्टरसाहेबांना घारीचं नाव सांगा. हे उरकून मान वर केली तर खटारा चढाला लागलेला. घारीलाही आजचाच मुहूर्त सापडला होता! फाउस्टिनने मनातल्या मनात तिचं अख्खं खानदान काढलं आणि चेहऱ्यावर हसू ठेवून पाण्याच्या बाटल्या वाटल्या. पगार त्या हसण्याचाच असतो.

तिसऱ्या दिवशी सेरेंगेतीत वाल्टरसाहेबांचा धीर सुटला. सिंह झाला, हत्ती झाला, बिबट्या कुठाय? तेवढ्यात बिनतारीवर एका ड्रायव्हरचा आवाज आला. जंगलात कोणी प्राण्याचं नाव सरळ घेत नाही, पाहुण्यांना आधीच कळलं आणि प्राणी निघून गेला तर तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"नदीकाठी ठिपक्या झोपलाय रे! मसावे, येतोस की तुझ्या पाहुण्यांना पाखरंच मोजायला लावतोस?"

"आलो, आलो. जागा धर, उगाच तोंड चालवू नकोस."

झाडाखाली गाड्यांची ही गर्दी. फाउस्टिनने फटीत गाडी घातली, मागून आणखी तीन येऊन चिकटल्या. पुढे चिखल, मागे गाड्या. त्याने उजवीकडे पाहिलं. हातभर अंतरावर, उलट्या तोंडाने, खिडकीसमोर खिडकी, गास्परचा खटारा होता, तोही तसाच अडकलेला.

गास्परने पाहिलं. काच वर गेली.

फाउस्टिनने पान काढलं, आपल्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि काचेसमोर धरून ठेवलं. खाली उतरून दार ठोठावावं तर जंगलाचा नियम आड, आणि झाडावर बिबट्या. वर छताच्या उघड्या झरोक्यातून पाहुण्यांचे कॅमेरे खडखडत होते. खाली दोन भाऊ, मध्ये काच. उन्हाने खटारा तापला होता, गास्परच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो समोर बघत बसला. हात अवघडला. फाउस्टिनने तो खाली घेतला नाही.

डाव्या हाताशी फोन थरथरला. इथे टेकडीवरच्या टॉवरमुळे फोन लागतो. ऑफिसच्या मॅनेजरचा निरोप होता. चोवीसला सकाळी विमानतळावर नवे पाहुणे, चार दिवस, दुसरं कोणी नाही, नाही म्हणू नकोस.

फाउस्टिनने तो दोनदा वाचला. घरी तीन लेकरं, भाड्याची खोली, आणि समोर दादाचा खटारा, 'नाही' म्हटल्यावर काय होतं ते दाखवायला दोरीने बांधलेल्या दारासकट उभा.

आणि नेमकी तेव्हाच काच खाली आली.

गास्परने हात बाहेर काढला. तळवा उघडा. तीन वर्षं फाउस्टिन ज्यासाठी झुरला तो हात. पान नुसतं सोडायचं होतं.

त्याने पान मागे घेतलं.

"हे काय?" गास्परचा आवाज चिरका निघाला. "थट्टा करतोस?"

"नाही दादा. आत्ताच निरोप आला. चोवीसला मला पाहुणे दिलेत." त्याने फोन पुढे केला. "आज तुला पान दिलं आणि चोवीसला आलो नाही, तर ते फुकट जाईल. मग मी काय घेऊन येऊ तुझ्याकडे?"

"येणार नाहीस?"

"येतो असं म्हणवत नाही. येत नाही असंही म्हणवत नाही. मी अडकलोय रे दादा. त्या दिवशीही अडकलोच होतो, पण खोटं बोललो."

मागे कोणीतरी हॉर्न दिला. झाडावर बिबट्याने कूस बदलली आणि साऱ्या छतांवरून एकच उद्गार निघाला. गास्परने फोनवरचा निरोप वाचला. मग त्याने हात आत घेतला, पण काच वर केली नाही.

"त्या दिवशी एवढंच बोलला असतास," तो म्हणाला, "तर आम्ही तिला दुपारीच पुरलं असतं. मी एक दिवस रागावलो असतो आणि विसरलो असतो, गाढवा."

फाउस्टिनने फोन खिशात ठेवला.

पुढची गाडी हलली. गास्परने खटारा सुरू केला, दोनदा खोकून इंजिन लागलं. निघता निघता तो खिडकीतून वाकला.

"पान टाकू नकोस. वाळलं तरी चालेल. कबरीचा पायथ्याकडचा एक कोपरा मी न लिंपता ठेवतो. तू येशील तेव्हा तू भर. आई थांबेल, तिला सवय आहे."

खटारा गेला. फाउस्टिनने पान फळीमागे खोचलं. डोळे भरून आले होते, आणि समोरच्या आरशात पाहुणे दिसत असताना ड्रायव्हरला रडता येत नाही. त्याने काळा चष्मा चढवला.

"त्या माणसाने पान का नाही घेतलं?" इंग्रिडबाईंनी हळूच विचारलं.

"मीच दिलं नाही, मॅडम."

"आता गेंडा!" वरून वाल्टरसाहेब ओरडले.

"बघू या, साहेब," फाउस्टिन म्हणाला आणि मागच्या गाड्या हलायची वाट बघत बसला.